साडूचा पटर

खेळाच्या सामानाच्या दुकानात चष्मेवाला शिरला की दुकानदार आता जागचा उठतही नसे. बसल्या बसल्या हात करून म्हणे, "तिसरं कपाट. सगळे पटर काढून ठेवलेत. बघा निवांत."

चष्मेवाला निवांत बघायचाही. एकेक डिस्क दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर आडवी करायची, एक डोळा मिटायचा आणि कड कुठे उचललीय का ते न्याहाळायचं. मग ती काउंटरच्या काचेवर ठेवून बोटानं दाबायची. डुगडुगली की बाद. भिंग केसभर फिरलं तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे ज्याला रोज निस्तरावं लागतं, त्याला प्लास्टिकची चकती सरळ की वाकडी हे कळणार नाही होय? कळत होतंच की. दुकानातली प्रत्येक डिस्क सरळ होती. आणि मैदानावर नेली की तीच डिस्क अगदी शेवटी, टोपलीच्या तोंडाशी, उजवीकडे कलून जमिनीवर पडत होती.

"हा कसा जातो?"

"सरळ."

"मागच्या वेळीही सरळच म्हणाला होतात."

"तोही सरळच जातो, साहेब," दुकानदार पेपर उलटत म्हणाला. "तुमच्या साडूंनी इथूनच नेला. त्यांनी तर बघितलाही नाही. वरचा होता तो उचलला न् गेले."

झालं. हे ऐकायलाच जणू तो आला होता. नवा पटर पिशवीत घालून तो तोंड पाडून घरी आला. बायकोनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "वा! अजून दोन आणा, म्हणजे पाहुण्यांनाही ह्यातच वाढता येईल."

डिस्क गोल्फ म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, झाडांमधून चकत्या फेकत पुढे जायचं आणि शेवटी खांबाला लटकवलेल्या साखळ्यांवर आपटून चकती खालच्या जाळीच्या टोपलीत पाडायची. लांब फेकायची डिस्क वेगळी. टोपलीजवळ आल्यावर हलक्या हातानं सोडायची ती पटर. लांबची फेक चुकली तर कुणी मनावर घेत नाही. पटर चुकला की सगळे "अरेरे" म्हणतात, आणि त्या अरेरेला एक गोड वास असतो.

चष्मेवाल्याला हे वेड लावलं सासऱ्यांनी. नाना म्हणजे कारखान्यात वेल्डिंग करून निवृत्त झालेला माणूस. बागेमागच्या पडीक जागेत त्यांनी स्वतःच्या हातानं टोपल्या उभ्या केल्या आणि आजूबाजूची चार डोकी गोळा करून खेळ सुरू केला. वर्षातून एकदा तिथे जोड्यांची स्पर्धा व्हायची. नाना आणि थोरला जावई, म्हणजे चष्मेवाला, ही जोडी ठरलेली. चष्मेवाल्याचं लग्न झालं तेव्हापासून त्यात बदल नव्हता. नाना लांब फेकायचे, जावई पट करायचा, म्हणजे शेवटी पटर टाकायचा. पुढे नानांचा खांदा कुरकुरायला लागला, तेव्हा एका सकाळी चष्मेवाल्याला आपल्या पिशवीत नानांची लांब फेकायची जुनी निळी डिस्क सापडली; तेव्हापासून लांबची फेकही त्याची, नानांकडे फक्त डिस्क टोपलीजवळ आणणं राहिलं. बोलणं नाही, चालणं नाही. ह्या मंडळींची रीतच तशी होती. कुणी आपली जागा दुसऱ्याला दिली की आपली डिस्क गुपचूप त्याच्या पिशवीत ठेवायची. त्या दिवशी चष्मेवाला दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडला होता. स्वतःच्या वडिलांनी त्याला सल्ल्यांखेरीज काही दिलं नव्हतं.

आणि मग मेहुणीचं लग्न झालं.

धाकटा जावई बेकरीवाला. उंच, हसरा, कपाळावर पिठाचा एखादा डाग कायम. बरं, माणूस वाईट असता तरी सोय होती! पण तो चांगला होता. नानांचा गुडघा दुखला की गाडी काढायचा, सासूबाईंना हसवायचा, चष्मेवाल्याला "दादा, दादा" करायचा. वर्षभरापूर्वी त्याच्या हातात पहिल्यांदा डिस्क आली आणि आता त्याचा नारिंगी पटर दोरीवरून ओढल्यासारखा सरळ जायचा. साखळ्या वाजल्या की नाना ओरडायचे, "शाब्बास रे माझ्या वाघा!"

वाघा! चष्मेवाल्याला इतक्या वर्षांत "छान, जावईबापू" याच्यावर काही मिळालं नव्हतं. त्याला अहो-जाहो आणि ह्या कालच्या पोराला अरे-तुरे. आधी त्याला वाटायचं, आपला मान मोठा. आता वाटायला लागलं की मान परक्याला देतात, आणि त्याची झोप उडाली.

त्यातून ह्या वर्षीची गोष्टच निराळी होती. स्पर्धेनंतर नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, "हा माझा शेवटचा डाव." जोडीदार कोण ते मात्र सांगत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "रविवारी सकाळी सांगेन." पूर्वी कधी सांगायची वेळच आली नव्हती. आता सांगेन म्हणतात, म्हणजे काय ते उघड होतं.

बायकोही आगीत तेल ओतायची. "धाकट्याला घेतलं तर बरंच की. शेवटचं वर्ष आहे, जिंकतील तरी बाबा."

"म्हणजे माझ्यामुळे हरतात?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलंस."

"बरं, म्हटलं," असं म्हणून ती भाजी निवडायला लागली.

नवा पटर त्यानं शुक्रवारी मैदानावर नेऊन पाहिला. उजवीकडे. त्याआधीचा जाड कडेचा पटर काढला. उजवीकडे. मऊ प्लास्टिकचा, कडक प्लास्टिकचा, हलका, जड, सगळे टोपलीला बगल देऊन उजवीकडे. आणि स्वतःचा जुना, नानांबरोबर इतकी वर्षं खेळलेला, तोही नारिंगी, साडूच्याच कंपनीचा, त्याच साच्यातला, तोही उजवीकडे. मग चष्मेवाल्याच्या मनानं घेतलं की साडूच्या पटरातच काहीतरी आहे. एखादीच डिस्क तशी निघते, लाखात एक, आणि ती नेमकी त्याच्या हाताला लागली. न बघता उचललेली! इतका बारकाईनं बघणारा मी, आणि मला ती मिळू नये? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी संध्याकाळी सगळे नानांकडे चहाला जमले. पिशव्या दाराजवळच्या बाकाखाली. आत धाकटा कसलीशी नक्कल करत होता आणि नाना ठसका लागेपर्यंत हसत होते. चष्मेवाला फोन आल्याचं निमित्त करून बाहेर आला, वाकला, आणि साडूचा पटर आपल्या पिशवीत, आपला साडूच्या पिशवीत. दोन्ही नारिंगी. खालच्या बाजूला मार्करनं लिहिलेली खूण तेवढी वेगळी, त्याच्यावर "चष्मा" आणि साडूच्यावर "पाव". कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: रंग एकच, चुकून बदलला.

आपली डिस्क दुसऱ्याच्या पिशवीत ठेवण्याचा ह्या मंडळींत अर्थ काय होतो, हे त्याच्या डोक्यात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. जळणाऱ्या माणसाला समोरच्याचं काय घ्यायचं तेवढंच दिसतं. आपलं काय चाललंय हे त्याला चष्मा लावूनही दिसत नाही.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर पोचला. साडूचा पटर हातात घेतला, श्वास रोखला आणि पटर फेकला. डिस्क छान निघाली, सरळ, सरळ, आणि शेवटी उजवीकडे कलून गवतावर पडली. पुन्हा टाकली. पुन्हा उजवीकडे. लाखात एक असलेली ती डिस्क त्याच्या हातात आली आणि घरातल्या ढिगासारखीच वागली. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. आता राग कुणाचा करायचा हेच त्याला कळेना.

एवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं आणि त्याला घट्ट मिठी पडली.

"दादा!" बेकरीवाल्याचा आवाज भरून आला होता. "सकाळी पिशवी उघडली न् बघतच राहिलो. तुमचा पटर! खाली चष्मा लिहिलंय. मला वाटायचं, मी आलेलो तुम्हाला आवडलं नाही. हिलाही म्हणायचो मी, दादा माझ्याशी धड बोलत नाहीत. आणि तुम्ही तुमची जागाच मला..."

आता बोल, चष्मेवाल्यानं स्वतःला सांगितलं. रंग एकच, चुकून बदलला. पाच शब्दही लागत नाहीत. पण तोवर बाकीचे खेळाडू जमले होते. जोड्यांची नावं लिहून घेणाऱ्या दंतवैद्यानं टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्यांनी. चष्मेवाल्याची बायको त्याच्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायची. वर्षभरात पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरा साडूला सोडून त्याच्यावर खिळल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्याला ते गोड लागलं. तेवढ्या गोडीपायी तो गप्प राहिला.

"आणि माझा पटर?" धाकट्यानं डोळे पुसत विचारलं.

"तो... मी घेतलाय. आठवण म्हणून."

धाकट्यानं पुन्हा मिठी मारली. नाना काठी टेकत जवळ आले, दोघांकडे पाहिलं, एका कागदावर आपलं आणि धाकट्याचं नाव लिहिलं आणि कागद दंतवैद्याकडे दिला.

पुढचा खेळ चष्मेवाल्यानं दंतवैद्याच्या जोडीनं खेळला आणि त्यातलं त्याला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की प्रत्येक टोपलीवर नाना कशीबशी डिस्क जवळ नेऊन टाकायचे, धाकटा पुढे व्हायचा, आणि चष्मेवाल्याचा पटर, तोच, दोन दिवसांपूर्वी उजवीकडे पडलेला, सरळ जाऊन साखळ्यांत घुसायचा. खण्ण! आजवर तो साडूवर जळत होता. आता तो स्वतःच्या प्लास्टिकच्या चकतीवर जळत होता. इतकी वर्षं मी तुला पुसली, उन्हात ठेवली नाही, आणि तू ह्याच्यासाठी सरळ जातेस?

नानांची जोडी जिंकली. सगळे धाकट्याभोवती जमले. नाना बाकावर बसून गुडघा चोळत होते, तिथे चष्मेवाला जाऊन बसला. खरं सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण सुरुवात सुचत नव्हती. नानांनीच केली.

"जावईबापू, मन मोठं आहे तुमचं. मला नसतं जमलं." थोडं थांबून ते म्हणाले, "खरं म्हणजे मी तुमचंच नाव लिहून आणलं होतं."

"काय?"

नानांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांच्या जाड्या अक्षरात लिहिलं होतं: नाना आणि चष्मा. "घरून लिहूनच आणला होता. शेवटचा डाव तुमच्याबरोबरच खेळायचा होता. पण इथे येऊन बघतो तर तुम्ही जागा देऊन बसलेले. म्हटलं, तुमच्या मनात आहे तर मी कशाला मोडता घालू. दुसरा कागद लिहिला."

चष्मेवाल्यानं वाकून ते अक्षर पुन्हा वाचलं. "पण रविवारी सांगेन म्हणत होतात..."

"गंमत केली. म्हातारपणी तेवढीच करमणूक."

"तो पट सरळ मारतो, नाना. माझा उजवीकडे जातो."

"जातोच. वर्षभर जातोय. सोडायच्या वेळी तुम्ही टोपलीकडे बघतच नाही, धाकट्याच्या तोंडाकडे बघता. मान वळते, मनगट वळतं. आज सकाळी तो नव्हता तेव्हा?"

"तेव्हाही उजवीकडेच."

"म्हणजे सवयच लागली," नाना म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता, आणि तेच चष्मेवाल्याला सहन झालं नाही.

"मी दिला नव्हता," तो घाईघाईनं म्हणाला. "पटर. मी त्याचा घ्यायला गेलो होतो. चोरून. माझा तिथे ठेवला तो फक्त कळू नये म्हणून."

नानांनी तो कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. "इतकी वर्षं आपण खेळलो. एकदा तरी जिंकलो का?"

"नाही."

"आणि तुम्हाला वाटलं, मी जिंकायला म्हणून जोडीदार निवडतो."

चष्मेवाला खाली मान घालून बसला. तिकडे धाकटा पटर शर्टाच्या टोकानं पुसून एकेकाला खालची खूण दाखवत होता. "दादांचा आहे," असं प्रत्येकाला सांगत होता.

"त्याला सांगू?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"सांगून तुम्हाला हलकं वाटेल," नाना म्हणाले. "त्याला काय वाटेल ते बघा." आणि काठी टेकून ते उठले. चष्मेवाल्यानं हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण लगेच सोडून ते एकटेच चालायला लागले.

धाकटा पळत आला. "दादा, एक सांगा ना. इतकी वर्षं खेळलाय तुम्ही ह्यानं. काही लक्षात ठेवायचं असलं तर?"

चष्मेवाल्यानं पटर हातात घेतला. खालचं आपलं नाव पाहिलं. सांगावं असं एकदा ओठांवर आलं, आणि साडूचा तो उजळलेला चेहरा पाहून त्यानं ते गिळलं. पटर परत त्याच्या हातात ठेवून तो म्हणाला, "जपून वापर. शेवटी जरा उजवीकडे जातो."

"छे हो," साडू मनापासून म्हणाला. "माझ्याकडे तर अगदी सरळ जातो."

"हो," चष्मेवाला म्हणाला. मन पुन्हा जळलं, आणि ते दाबून त्यानं साडूच्या पाठीवर हात ठेवला.