पिवळ्या टेपचा सांधा

आसाराम एरवी कुणाला भिणारा गडी नव्हता. आग्या मोहोळ झाडायचं असो की पन्नास फूट विहिरीत उतरायचं असो, हा आधी उतरणार आणि मग विचार करणार. पण शनिवारी दुपारी त्याची बहीण स्नेहल भिंगारहून एसटीने आली, आठ वर्षांच्या ज्ञानेश्वरीला तिने त्याच्या दारात उभं केलं, आणि परतीची गाडी धरता धरता जे बोलली त्याने या गड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादा, अकरा वर्षांनी झालेली पोर आहे ही. दुसरी होणार नाही. मासे धरायचेत म्हणते, धरू दे. पण पाण्यात पाऊल टाकायचं नाही."

"अगं, मी हाय ना!"

"तू आहेस म्हणूनच सांगतेय," स्नेहल म्हणाली.

टोमणा उगाच नव्हता. आसारामच्या हातात कसब होतं, पण काम पुरतं करायचा त्याला भारी कंटाळा. गावात कुणाचा पंखा अडला, कुणाचा पंप रुसला की त्यालाच बोलावणं यायचं, आणि तो म्हणायचा, "तात्पुरतं करून देतो." त्याचं तात्पुरतं तीन-तीन वर्षं चालायचं. त्याच्या स्वतःच्या दाराला कडीच्या जागी सायकलची चेन होती, तीसुद्धा तात्पुरतीच.

संध्याकाळी पोर त्याचा मोबाईल घेऊन मासेमारीचे व्हिडिओ बघत बसली, आणि आसाराम ओसरीवर बसून तलावाकाठी पोराला काय काय होऊ शकतं याची उजळणी करत राहिला. चिखलात पाय रुतेल. शेवाळावरून घसरेल. पाण्यातून दिवड साप निघेल. गळ बोटात शिरेल. एकेक आठवलं की तो उठून काहीतरी पिशवीत टाकायचा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, हळद, चिमटा, टॉवेल. त्याची बायको रेश्मा भाकरी थापता थापता हसली.

"अवं, मासे धरायला चाललाय का लढाईला?"

"तुला काय जातंय? पोरगी दुसऱ्याची हाय."

मधेच ज्ञानेश्वरी कुरकुरली, "मामा, सारखे मेसेज येतात मधे."

"सोड गं. कुणीतरी गुड नाइट पाठवलं आसंल."

तिने बोटाने मेसेज सरकवला आणि व्हिडिओ पुढे चालू झाला.

रविवारी सकाळी दोघं मोटरसायकलवर तलावावर गेले. गावचाच पाझर तलाव, पावसाळ्यात तुडुंब आणि आता माघानंतर निम्म्यावर आलेला. पाण्यात आसारामची पाणबुडी मोटर होती. पाणी आटत गेलं तशी त्याने ती आत सरकवली होती. वायर कमी पडली, म्हणून जुन्या वायरचा तुकडा जोडला, सांध्यावर पिवळी टेप गुंडाळली, आणि सांधा पाण्याच्या वर राहावा म्हणून एक लाकडी मेढ रोवून तिच्या बेचक्यात अडकवला. तात्पुरता. आज ती मेढ बरीच कललेली दिसली. सांजच्याला बघू, असं म्हणून त्याने नजर काढून घेतली.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. हा आठवडा रात्रीचा. दिवसा ती वायर म्हणजे नुसती दोरी, असं त्याने पोरीलाही सांगितलं.

"आणि रात्री मोटर कोण चालू करतं?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. त्याने बांधावरच्या लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिथे बुंध्याला पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर लाल बल्ब. "त्यात ऑटो बसवलाय. लाइट आली की बल्ब लागतो, आन बरोबर एका मिन्टानं मोटर आपली आपन चालू. मी घरात घोरत पडलेला असतो. पलीकडं शेजारच्या रानातल्या कानिफनाथच्या पेटीत पन तसलाच हाय, दोगांनी एकाच दिवशी बसवले. त्याची मोटर काठावर, आपली पान्यात, एवढाच फरक."

मग त्याने तिला ट्यूब घातली, काठावरच्या एका सपाट दगडावर उभं केलं आणि दोन नियम सांगितले. "एक, ह्यो दगड सोडायचा न्हाई. दोन, मासा लागला की काठी सोडायची न्हाई. काय बी होऊ दे, मामा जरी वरडला तरी सोडायची न्हाई. सोडली की गेला."

तासभर काही लागलं नाही. चिलापी माशांनी कणकेच्या गोळ्या खाऊन टाकल्या आणि गळ तसाच परत पाठवला. पोर हिरमुसली. आसाराम म्हणाला, गांडुळं आणतो, गांडुळाला नाही म्हणणारा मासा अजून जन्मायचाय. गांडुळं सांडव्याजवळच्या ओलीत. दगडापासून शंभरेक पावलं. तो चार पावलं गेला की मागे वळून बघायचा. पोर दगडावर आहे, ट्यूब अंगात आहे, हे बघून पुढे जायचा. असं सहा वेळा झालं. मग तो उकरायला बसला आणि सातव्यांदा बघायचं राहिलं.

"मामाऽऽ! लागला! केवढा मोठाय!"

त्याने मान वर केली. दगड मोकळा होता आणि दगडावर ट्यूब पडलेली होती. ज्ञानेश्वरी दहा-बारा पावलं आत, गुडघ्याच्या वर पाण्यात उभी होती. काठी दोन्ही हातांनी धरून ती मागे रेलून ओढत होती, आणि दोरी ताणून पाण्यातून काहीतरी काळं, लांब वर येत होतं.

आसाराम आधी हसला. खरंच हसला, पुढे कितीतरी दिवस त्याला त्या हसण्याची लाज वाटली. "आगं येडे, मासा न्हाई त्यो! वायर हाय आपली!"

काळ्या वायरवर पिवळं काहीतरी दिसलं. टेप. अर्धी सुटून लोंबत होती. मेढ आडवी होऊन पाण्यावर तरंगत होती. त्याने स्वतःला समजावलं, रात्रीची लाइट आहे, वायर मेलेली आहे, सावकाश जाऊ आणि पोरीला बाहेर घेऊ. तरी सवयीने त्याची नजर बांधाकडे गेली.

लिंबाखालचा लाल बल्ब लागलेला होता.

क्षणभर त्याला काही कळेचना. मग एकदम सगळं कळलं. कालचे ते मेसेज. वायरमन लाइटच्या वेळा ज्या ग्रुपवर कळवतो, त्यावरचे ते असणार. पाळी बदलली होती. आणि ऑटो, रात्रीसाठी लावलेला, त्याने सकाळी बंद केलाच नव्हता.

बल्ब कधी लागला? आत्ता? की तो उकरायला बसला तेव्हा? मिनिटातलं किती उरलंय, हे सांगायला कुणी नव्हतं. तो ताडकन उठला.

"ज्ञाने, काठी टाक! भायेर ये! भायेर!"

"नाही सोडणार!" ती आनंदाने ओरडली. "तूच म्हणालास ना, मामा ओरडला तरी सोडायची नाही!"

आणि ती आणखी एक पाऊल आत गेली.

डावीकडे पोर, उजवीकडे वर चढावर पेटी. तिच्याकडे धावावं, असं अंगातलं रक्त सांगत होतं. पण शंभर पावलं धावून तो पाण्यात शिरेपर्यंत मोटर लागली तर पोरही गेली आणि तोही गेला, पेटी बंद करायला मागे कुणी उरणार नाही. हे कळायला वेळ लागला नाही. पाय वळवायला मात्र लागला. त्याने पोरीकडे पाठ केली आणि तो चढावर पळत सुटला.

"मामा! कुठे चाललास? मामा!"

एक चप्पल गेली. वेड्या बाभळीचा काटा टाचेत गेला तो नंतर कळला. मुरमावरून तो घसरला, दोन्ही हातांवर पडला, उठला. आत्ता वाजेल, आत्ता वाजेल, एवढंच डोक्यात. मोटर लागताना पेटीत जो टक आवाज येतो, तो त्याला एरवी फार आवडायचा. आता तो आवाज आपल्या कानांनी ऐकायला लागू नये म्हणून तो देवांची नावं घेऊन घेऊन हाका मारत होता. खंडोबा, भैरोबा, सुचेल ते.

पेटीचं दार तारेने बांधलेलं होतं. बिजागरी तुटली होती, तेव्हा त्यानेच तात्पुरती तार पिळली होती, आणि चांगली चार वेढ्यांची पिळली होती. दोन वेढे सुटले. तिसरा सुटेना. त्याने दार धरून हिसका मारला, पत्रा बोटात शिरला, दार वाकलं. हात आत घालून त्याने मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

त्याच घटकेला तलावापलीकडे कानिफनाथची मोटर घुमायला लागली.

आसाराम दांडा धरून तसाच उभा राहिला. लिंबाच्या बुंध्याकडे तोंड, तलावाकडे पाठ. आपल्या पेटीतून टक वाजलं होतं का? दांडा आधी पडला की टक आधी वाजला? त्याला आठवेना. मागून हाक येत नव्हती, पाणीही वाजत नव्हतं. नुसती ती पलीकडची घूं घूं. मागे वळून बघितलं की जे असेल ते खरं होणार होतं, म्हणून तो बघेना. स्नेहलचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्याला भडभडून आलं. बुंध्यावर मुंगळे वर-खाली चालले होते. तो ते बघत राहिला.

"तुटलीऽऽ! दोरी तुटली! तुझ्यामुळे!"

पोर रडत होती. रागाने, गळा काढून, जिवंत रडत होती. आसारामने आता मागे वळून बघितलं.

मग त्याने तिन्ही फ्यूज काढून खिशात घातले आणि लंगडत खाली गेला. ज्ञानेश्वरी चिखलात पाय आपटत उभी होती. त्याने तिला उचललं तेव्हा तिने त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. "तू पळालास! मी बोलवत होते आणि तू पळालास!"

"व्हय," तो म्हणाला. "पळालो."

घरी रेश्माने जेवायला वाढलं, पण त्याचं लक्ष ताटात नव्हतं. हात सारखा खिशाकडे जाऊन फ्यूज चाचपायचा. तेवढ्यात स्नेहलचा फोन आला. पोरीने तो स्पीकरवर टाकला आणि पहिलंच वाक्य बोलली, "आई, मामा मला पाण्यात सोडून पळून गेला."

पलीकडे स्नेहल खळखळून हसली. "दिवड दिसली असेल! दादा, एवढा मोठा झालास तरी भित्राच का रे? आणि पाण्यात कशी गेली ती?"

इथे गप्प बसणं सोपं होतं. रेश्मा हसत होती, पोर फुरंगटून बसली होती, दिवडीवर सगळं खपून गेलं असतं. पुढच्या महिन्यात पोर परत आली असती. आसारामने खिशातून फ्यूज काढले आणि एकेक करून ताटाशेजारी ठेवले.

"दिवड न्हवती, स्नेहल. वायर हुती. सांधा माझ्याच हातचा हुता. ऐक."

त्याने सगळं सांगितलं. मेढ, टेप, ऑटो, बल्ब. काही गाळलं नाही. भाकरी तव्यावर करपली तरी रेश्माने ती उलटली नाही. फोनमधून नुसता श्वास आला, आणि मग स्नेहलचा ओळखू न येणारा आवाज. "मी निघाले. येईपर्यंत तिला दाराबाहेर सोडू नकोस." फोन बंद झाला. पुढे कधी पोर पाठवेन की नाही, हे ती बोलली नाही आणि त्याने विचारलं नाही.

ज्ञानेश्वरीला सगळं कळलं नसावं, पण बरंचसं कळलं. ती उठून त्याच्याजवळ आली, एक फ्यूज हातात घेऊन उलटसुलट बघितला, परत ठेवला.

"मामा, मग बंद केल्यावर तू मागे का नाही बघितलंस? कितीतरी वेळ तू झाडाकडेच तोंड करून उभा होतास."

आसारामने ताट बाजूला सारलं. त्याने तिचा हात धरला आणि मनगटावर बोटं ठेवली. तिथे नाडी उडत होती. स्नेहलची एसटी येईपर्यंत त्याने तो हात सोडला नाही.