छताची मान

रंगाऱ्याला आजवर अंथरूण धरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. घरात त्याला लोखंडच म्हणत. आज लोखंड तापलं होतं आणि उजेड नको म्हणून डोक्यावर उशी दाबून कण्हत होतं.

धाकटा भाऊ हसला. छत रंगवलं की दादाची मान आखडतेच, तेल चोळा, झोपू द्या, म्हणाला. धडधाकट माणसाच्या दुखण्यावर कोणी काडीचा विश्वास ठेवत नाही. मरेपर्यंत ठेवत नाही. बायकोनं तरी कुठे ठेवला होता? सकाळी तापाची गोळी देऊन तीही मोकळी झाली होती.

दुपारी ती तेलाची वाटी घेऊन बसली. छताची मान तिच्या हातांना पाठ होती. तशी मान मागे वळत नाही. ही पुढे झुकत नव्हती. हनुवटी छातीकडे नेताच तो गुरासारखा ओरडला. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही कोण?"

तिनं वाटी बाजूला सारली.

"भावजी, गाडी आणा."

"नाटकं आहेत, वहिनी. उद्या कामाला दांडी मारायची असेल."

"तो मला ओळखत नाहीये. गाडी आणा."

दीर गाडी आणायला धावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं उचललं, तसे त्याचे गुडघे आपोआप वर आले. बाईंचा आवाज बदलला. मेंदूच्या आवरणात जंतू शिरलेत, औषध आत्ताच जायला हवं, खात्री मागून करू. रक्त घेतलं, शिरेत औषध सुरू झालं. मग खात्रीसाठी मणक्यातून पाणी काढायचं ठरलं, तेव्हा दिराची टरकली. दादा लुळा पडेल, म्हणाला. बाईंनी समजावलं, तरी तो मानेना.

"काढा," बायको म्हणाली.

पाणी गढूळ निघालं.

पुढचे दिवस त्याची शुद्ध येई, जाई. ती खाटेच्या दाराकडच्या बाजूला बसून अखंड बडबडत राहिली. थांबलं तर हा निसटेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. अखेर ताप उतरला. डोळे उघडून तो छताकडे बघत राहिला, मग खिडकीकडे कुशीवर वळला, एक कान उशीत. तिनं हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उठून ती खिडकीच्या बाजूला गेली.

त्यानं तिला ओळखलं, हसला. "कधी आलीस गं?"

या दुखण्यात दाराकडचा त्याचा कान गेला होता. इतके दिवस ती त्याच कानात बोलत होती.