ब्लीचची बादली

त्या कराटे क्लासमध्ये नवा पट्टा कुणाला मिळतच नसे. पहिल्या दिवशी दिलेला पांढरा पट्टाच कायमचा. परीक्षा पास झालं की सर तोच पुढच्या रंगात बुडवायचे. पिवळा, हिरवा, निळा, तपकिरी, शेवटी काळा. "जुन्या काळी गुरूंकडे दुसरं कापड नव्हतं," सर सांगायचे, "म्हणून खालचे सगळे रंग पोटात घेऊनच काळा चढतो." खरं-खोटं देव जाणे, पण बेकरीत दिवसभर मैदा मळून क्लासला येणाऱ्या, सगळे काटकी म्हणत त्या पोरीला ते मनापासून पटलं होतं.

गेल्या वर्षी तिने सरांच्या चिरंजीवांना आव्हान दिलं आणि सरळ आडवं केलं. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "फाऊल! हरलीस!" ते ओरडले. हरणाऱ्याचा रंग उतरवायचा, हा नियम. तिचा तपकिरी पट्टा सरांनी सगळ्यांदेखत ब्लीचमध्ये बुडवला. रंगही धड गेले नाहीत. पिवळे, हिरवे, निळे डाग उरले. वर्षभर ती नवशिक्यांच्या रांगेत उभी राहिली, पोरं फिदीफिदी हसली, आणि ती दात-ओठ खात मनात म्हणत राहिली, थांब लेका, बघतेच तुला.

आज सगळ्यांचे आईबाप समोर बसले असताना तिने पुन्हा आव्हान दिलं. चिरंजीव चारी मुंड्या चीत! इतके स्वच्छ पडले की फाऊल म्हणायला सरांची जीभ रेटेना.

काटकीने ब्लीचची बादली स्वतःच आणून मधोमध आदळली.

"जाऊ दे ना, पोरी," सर हळूच म्हणाले. "काळा पट्टा देतो तुला. आजच."

काळा पट्टा! त्याच्यासाठी तर तिने हाडांची काडं केली होती. पण राग त्याहून मोठा होता.

"नको, सर. नियम म्हणजे नियम."

चिरंजीवांचा काळा पट्टा बादलीत गेला. बऱ्याच वेळाने तिने तो वर काढला. पांढराशुभ्र, डाग म्हणून नाही.

"अहो सर," एका आईने विचारलं, "हिच्या पट्ट्यावर एवढे रंग, मग ह्याचा पिवळा-हिरवा गेला कुठे?"

"चढला असेल तर ना," काटकी म्हणाली. सरांचे दोन्ही हात आपसूक स्वतःच्या काळ्या पट्ट्याच्या गाठीवर गेले.

ते काटकीने पाहिलं. तिने पायाने बादली सरांच्या बाजूला सरकवली आणि रीतसर कमरेत वाकून नमस्कार केला.

"या, सर," ती म्हणाली. "आता तुम्ही."