भिंगाखालची दोन आडनावं

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे, भिंगाची! माझ्याभोवती पितळी कडं आहे, धरायला काळ्या लाकडाची मूठ आहे आणि काठाला एक छोटा टवका आहे. त्या टवक्याबद्दल विचारू नका. पडझड कुणाच्या नशिबात नसते?

मला घडवणारा काचवाला फार चिवट होता. तासन् तास मला घासायचा, उजेडाकडे धरून बघायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. तेव्हा मी त्याच्या नावाने बोटं मोडायचे. आता वाटतं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ते काही उगीच म्हणत नाहीत.

एका चर्चच्या फादरांनी मला विकत घेतलं. गावात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याची नोंद, लग्न झालं की लग्नाची आणि माणूस गेला की दफनाची. अशा जाडजूड वह्यांनी त्यांच्या कचेरीतलं कपाट भरलेलं होतं. शाई फिकी पडलेली, आणि काही फादरांचं अक्षर म्हणजे तर कुत्र्याचे पाय मांजराला! माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. "भिंग कुठंय?" अशी हाक आली की मला अभिमानाने फुगल्यासारखं व्हायचं.

पुढे त्या वह्यांचे फोटो काढून संगणकात भरले. गरज सरो, वैद्य मरो. माझी रवानगी खणात झाली, वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी. माझ्यावर इतकी धूळ बसली की मला उजेडही करडा दिसू लागला. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं.

मग एके सकाळी खणाच्या फटीतून मला दोन म्हातारी माणसं दिसली. एक होते तांब्याची भांडी घडवणारे तांबट, आडनावही तेच. दुसऱ्या होत्या कपडे शिवणाऱ्या विहिरीवाले बाई, त्यांच्यापेक्षा थोड्या लहान. दोघांच्या मध्ये एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर बाईंनी आपली पिशवी ठेवली होती, कुंपण घातल्यासारखी.

हकिगत अशी होती. दोघांचे आजोबा भाऊ-भाऊ म्हणून याच गावात जन्मले. त्या भावांचे वडील लवकर वारले. थोरल्याला त्याचा काका धंदा शिकवायला दूरच्या शहरात घेऊन गेला आणि धाकटा आईपाशी राहिला. धाकट्याच्या लग्नाच्या वेळी दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले काढले, तेव्हा घोटाळा झाला. थोरल्याच्या दाखल्यावर वडील तांबट, धाकट्याच्या दाखल्यावर विहिरीवाले! वडिलांचं पहिलं नाव तेवढं सारखं होतं, पण त्या गावात दर तिसऱ्या पुरुषाचं तेच नाव असायचं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. धाकटा दुसऱ्याच कुणाचा, असं थोरल्याच्या सासरच्यांनी ठरवून टाकलं आणि दोन घरांचं येणंजाणं तुटलं.

"माझे आजोबा जन्मभर मान खाली घालून जगले," बाई म्हणाल्या. "आणि पणजीचं तर विचारूच नका. काय काय बोलले लोक तिला! मला खरं काय ते कळू दे. वाईट असलं तरी चालेल."

"आमच्याकडे तुमचं नाव काढायचीसुद्धा बंदी होती," तांबट पुटपुटले. "आता बंदी घालणारं कुणी उरलं नाही. म्हणून आलो."

"आलात हेच खूप झालं, तांबट." बाईंचा आवाज मात्र कोरडाच होता.

टेबलापलीकडे बसलेल्या चर्चच्या कारकूनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "या गावात माणसाला घरावरूनही ओळखायचे," त्या म्हणाल्या. "विहिरीच्या घरात जो राहील तो विहिरीवाले. ते घर तुमच्या पणजीचं माहेर. थोरल्याच्या जन्मानंतर पणजोबा तिथे राहायला गेले असतील."

"म्हणजे घरजावई?" तांबटांनी विचारलं.

"घरजावईच. आणि मधल्या काळात फादरही बदलले. जुन्यांनी जन्माचं आडनाव लिहिलं, नव्यांनी गाव हाक मारायचं ते."

"असतील, नसतील!" बाई उसळल्या. "अंदाजाने माझ्या पणजीची अब्रू भरून निघत नाही हो."

खरंच होतं ते. मग पणजोबांच्या दफनाची नोंद शोधायचं ठरलं. तांबटांच्या घरच्यांनी ती पूर्वी तांबट या नावाने शोधली होती आणि हात हलवत परतले होते. कारकूनबाईंनी विहिरीवाले या नावाने शोधली, तर नोंद मिळाली! पण फोटोत निम्मी ओळ वहीच्या शिवणीत दबलेली. त्यांनी कपाटातून मूळ वही काढली, पान अलगद फाकवलं आणि खण ओढला. मित्रांनो, त्यांनी मला रुमालाने पुसलं, तेव्हा मला नव्याने जन्मल्यासारखं वाटलं.

माझी मूठ तांबटांनी धरली. शिवणीतली फिकी अक्षरं एकेक करून वर आली. कारकूनबाईंनी वाचलं, "विहिरीच्या घरचा, जन्माने तांबट. मागे पत्नी आणि दोन मुलगे." पुढे दोन्ही मुलांची नावं होती, आधी थोरल्याचं, मग धाकट्याचं.

"दोन मुलगे," तांबट म्हणाले. त्यांनी डोळ्यांना बाही लावली.

बाई एकदम हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "एवढंच होतं? बाई गं, एवढंच होतं!" मनावरचा धोंडा उतरला की माणूस कसं दिसतं, ते मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं.

"आमच्या लोकांनी फार छळलं तुम्हाला," तांबट खाली बघत म्हणाले. "मी आता कुठल्या तोंडाने..."

बाईंनी मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर सरकून बसल्या. "डोळे पूस आधी," त्या म्हणाल्या. "आणि घरी चल, दादा. उपाशी पोटी किती रडशील?"

आता मी खणात नसते, टेबलावर असते. परवा दादा एक तांब्याची पाटी घेऊन आले होते, पणजोबांच्या थडग्यावर लावायला. त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यावर दोन्ही आडनावं कोरली होती. बाईंनी माझ्यातून पाटी निरखली आणि दुसरं आडनाव जरा तिरकं गेलंय म्हणून त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दादा खुशीत ऐकून घेत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी काच पडलेली असेल. तिला मऊ कापडाने पुसा, खणात कोंडू नका. आणि एक ध्यानात ठेवा. मी एक शब्द मोठा करते, तेव्हा बाकीचं पान दिसत नाही. तेवढ्या एका शब्दावरून कुणाला परकं ठरवू नका. मला क्षणभर बाजूला ठेवा आणि ओळ शेवटपर्यंत वाचा. तिथे कुणाचा तरी भाऊ असू शकतो.