मीनाकाकूंच्या वतीने

कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्याच्या गोष्टी कोणीतरी रेकॉर्ड केल्या आहेत. त्याची लिंक आमच्या कतारमधल्या दोह्याच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी कौशिक याने ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'आपणही करूया. भैरवी करेल.' भैरवी म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं.

व्हिडिओ मी बघितले. अंगणात कोंबड्या, खुर्चीत ऐंशीची आजी, आणि ती घडाघडा बोलतेय. लग्न कोणाशी करायचं होतं, झालं कोणाशी, वादळात छप्पर उडालं तेव्हा कोण मदतीला आलं नाही. मला वाटलं, किती सोपं काम आहे. पण त्या आजीच्या शेजारी वसंतकाका बसलेले नव्हते.

वसंतकाका आणि मीनाकाकू दोह्यातल्या अल मुंतझा भागात राहतात, आमच्या मंडळातले सगळ्यांत जुने. काकांची नोकरी संपली म्हणजे दोघांचा व्हिसाही संपला, आणि शुक्रवारी ते कायमचे पुण्याला निघालेत. इथे म्हातारं होता येतं, म्हातारपण काढता येत नाही. काकांची मुलाखत आधीच झाली होती आणि तीत दोह्यातला एकही फ्लायओव्हर सुटला नव्हता. आता काकूंची पाळी होती, आणि ती आज झाली नाही तर कधीच होणार नव्हती.

"काकू, तुम्ही इथे आलात तेव्हा कसं वाटलं?" मी स्टुलावर फोन ठेवून विचारलं.

"तिला काय वाटणार? उकडायचं," काका म्हणाले.

"दिवसभर काय करायचात तुम्ही, काकू?"

"घर, मुलं. हाउसवाइफ. आयडीवर तसंच लिहिलंय," काका म्हणाले.

काकू खोक्यात पातेली भरता भरता मान हलवत होत्या. मी म्हटलं, काका, मला हे काकूंच्या तोंडून ऐकायचंय. "अगदी बरोबर," ते म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन मोकळे झाले. एकदा काकूंनी शिवणाचा विषय काढला, तर काका इतके खोकले की मला पाणी आणावं लागलं. हे असंच चालू राहिलं. ऑफिसातून अर्धी रजा काढून मी एका माणसाची मुलाखत दुसऱ्यांदा घेत होते.

शेवटी माझं डोकं फिरलं. बाल्कनीत जाऊन मी कौशिकला फोन केला. कल्पना तुझी, तर आता ये आणि काकांना पॅकिंगच्या चिकटपट्ट्या आणायला घेऊन जा. तो आला आणि म्हणाला, "यल्ला काका, चला, गाडी खाली उभी आहे." काका नाइलाजाने उठले. जाताना बायकोकडे असं बघून गेले, जणू गॅसवर दूध ठेवून निघालेत.

दार लागताच काकू खोक्यावर बसल्या. "हं, विचार आता."

विचारायला लागलंच नाही. "यांच्या कंपनीने दीड वर्ष पगार दिला नव्हता," त्या म्हणाल्या. "व्हिसा होता, पगार नव्हता. हे रोज टाय लावून बाहेर पडायचे, कोणाला कळू नये म्हणून. मी ब्लाउज शिवायला लागले. मशीनखाली गोधडी घालायचे, आवाज खाली जाऊ नये म्हणून. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईने कमवायचं नसतं ना. पुढे पगार सुरू झाला, तरी मी शिवणं सोडलं नाही. मला आवडायचं गं."

तेवढ्यात कुलूप वाजलं. चष्मा विसरला म्हणून काका परत आले होते. दारातच त्यांनी शेवटची वाक्यं ऐकली.

"ते रेकॉर्डिंग बंद कर, भैरवी. विमान सुटेपर्यंत काही खरं नसतं. कायदा आहे इथे."

"कायद्याला कशाला पुढे करता?" काकू शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला लाज वाटते."

काका लाल झाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. या बाईचं आख्खं आयुष्य ते खोकून दाबून टाकत होते. मी फोनला हात लावला नाही. आणि मग काकूंनी जे केलं त्याने मला त्यांचाही राग आला. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि फोनकडे वळून म्हणाल्या, "तसं काही फार नाही गं. आपलं हातखर्चापुरतं शिवायचे, विरंगुळा म्हणून."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"हातखर्च कसला?" काका म्हणाले. चुकीची माहिती त्यांना सहन होत नाही, मग ती त्यांच्या सोयीची का असेना. "दीड वर्ष भाडं तिने दिलं. मुलांच्या शाळेची फी तिने भरली. मी टाय लावून कॉर्निशवर समुद्राकडे बघत बसून राहायचो. ती नसती तर आम्ही तेव्हाच परत गेलो असतो, तोंड काळं करून. हे नीट घे. हातखर्च वगैरे काढून टाक."

काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"इतक्या वर्षांत हे मला कधी म्हणाला नाहीत," त्या म्हणाल्या. "तिच्या फोनला सांगितलंत."

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, की या माणसाने काहीतरी बोलावं.