कापसाच्या बोंडांचा सज्जा

अमळनेरला रतिलालनानांच्या घराचा जिना मोजला, तेव्हा रुंदी अठ्ठावन्न सेंटिमीटर भरली. मला वाटलं लेझरचं यंत्र चुकलं. टेप लावून पाहिली. तेवढीच.

"बरोबर शे ते," वरून ज्योत्स्नाअक्का म्हणाल्या. "आजेसासऱ्यांना दरोडेखोरांची भीती. एका वेळी एकच माणूस वर यावा म्हणून असा बांधला. दरोडेखोर काही आले नाहीत. आता घरचाच माणूस खाली जात नाही."

घरचा माणूस म्हणजे त्यांचे यजमान, नाना. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. धुळ्याच्या दवाखान्यातून आणल्यावर हमालांनी त्यांना खुर्चीला बांधून वर चढवलं. त्यात झिपरू हमालाचा पाय मोडला. तेव्हापासून कोणी यायला तयार नाही. खालचा मजला मोबाइलच्या दुकानाने अडवलेला, भाडेकरू हलत नाही. नाना वर, म्हणून अक्काही वर.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून धुळ्याच्या एका संस्थेत जुन्या इमारती नोंदवते. घर एकदा वारसा यादीत गेलं की दर्शनी भागाला हात लावता येत नाही. अक्कांना तिथेच लिफ्ट हवी होती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे जेमतेम बोळ. रस्त्यावरचा सज्जा कापला तरच लिफ्ट बसते.

"सज्जा तेवढा लिहू नकोस, भाविका," त्या हळूच म्हणाल्या.

"दिसतं ते लिहावं लागतं, अक्का."

"मग जरा कमी बघ."

नानांचा पलंग सज्ज्याच्या दाराशीच होता. "ये पोरी," ते जड जिभेने म्हणाले. "पोस्टमार्टमला आलीस का? मालक अजून जित्ता शे."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या आजोबांनी तेलाच्या गिरणीच्या पहिल्या नफ्यातून हे घर बांधलं. कारागिराने खांबांवर वेली काढायला घेतल्या, तर आजोबा म्हणाले, मला कापसाने पोसलं, वेलींनी नाही. म्हणून प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चुन्यात कोरलेली फुटलेली बोंडं आहेत. कठड्यातले मोर बिडाच्या लोखंडाचे, रेल्वेने आलेले. वाटेत काही फुटले, त्यांच्या जागी लाकडाचे करून काळे रंगवले.

मी लोहचुंबक लावून पाहिला. दोन मोरांना तो चिकटला नाही.

"लिही, लिही!" नाना खूश झाले.

अक्का त्यांना कुशीवर वळवत होत्या. मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेलं. हंगामात आजोबा इथून कापसाच्या बैलगाड्यांची रांग बघत, असं सांगताना नाना अडखळले, तेव्हा पुढचं वाक्य अक्कांनीच पुरं केलं, उशी सारखी करता करता.

"साक्रीला भाचीचं लग्न झालं," मग त्या मला म्हणाल्या. "मी फोनवर बघितलं. अक्षता फोनपुढं टाकल्या."

शेवटी मालकाची संमती घ्यायची होती. नानांनी डावा हात पुढे केला. "दे, या हाताने करतो."

"अहो," अक्का म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे."

गिरणी बसली, तेव्हा बँकेची जप्ती येऊ नये म्हणून नानांनीच ते तसं केलं होतं.

"ते फक्त कागदावर होतं," ते म्हणाले.

"मी पण कागदावरच लिहितेय."

संमती नाही, असं लिहून त्यांनी सही केली. संमतीशिवाय घर यादीत जात नाही. नानांनी तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण त्यालाही अक्काच लागतात. त्यांनी वळवून दिलं.

"लिफ्ट बसायला महिने जातील," त्या मला म्हणाल्या. "तू आज तासभर बसशील यांच्यापाशी?"

मी हो म्हणाले. साडी वर खोचून, एक खांदा भिंतीला घासत त्या जिना उतरून गेल्या.

बऱ्याच वेळाने नानांनी विचारलं, "कुठं गेली?"

मी सज्ज्यातून वाकून पाहिलं. "खालीच आहेत. रस्त्यावर."

"काय करते?"

"काही नाही. उभ्या आहेत."