जवळचा बाण

“साहेब माणूस आहेत. माणसाला डोकं असतं. म्हणजे साहेबांना...” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

“अपवादाचा बाण लाव,” ती म्हणाली. मैत्रीण हसता हसता खोकायला लागली.

तिला स्वतःला हसायचंही त्राण नव्हतं. रुग्णालयाच्या संगणकाला शहाणं करायचं तिचं काम. एकाखाली एक गोष्ट मांडायची, मध्ये बाण काढायचा, की वरचा गुण आपोआप खाली उतरतो. पक्षी उडतो, म्हणून चिमणी उडते. शहामृगापाशी मात्र ‘नाही’चा, म्हणजे अपवादाचा बाण लावायचा, जवळचा बाण लांबच्याला हरवतो. कचेरीत याला ‘वारसा’ म्हणत.

‘विस्मरणाचा रुग्ण घरच्यांना ओळखत नाही, जो ओळखत नाही, तो बंद वॉर्डात.’ हे बाण तिनेच काढलेले. तेव्हा बाबा धडधाकट होते. आज त्याच बाणांवरून घरंगळत बाबांचं नाव बंद वॉर्डापाशी आलं होतं. तिथे भेट आठवड्यातून एकदा, तीही काचेआडून.

जेवणाच्या सुट्टीत ती वॉर्डात गेली.

“ताई, ओळखतात एवढं म्हणा, अपवाद मी लावते,” सिस्टर म्हणाल्या. “पण खरं असेल तरच हं. काल एकटेच जिन्यापर्यंत गेले होते, पडले असते.”

बाबा खिडकीशी बसले होते. ती समोर बसली. “बाबा, मी कोण?”

ते बघत राहिले. मग सगळा चेहरा उजळला.

“आई! किती गं उशीर? दमलीस ना?”

आजीचं नाक, आजीचीच हनुवटी. हुबेहूब आजी, असं लहानपणापासून सगळे म्हणत. देवानेही वरून खाली एक बाण काढला होता, मध्ये कुठेही न तोडता.

“ओळखलं ना हो?” सिस्टरांनी दारातून आशेने विचारलं.

“ओळखलं. पण मला नाही.”

“लावू का तरी अपवाद?”

“नको, सिस्टर. जिना आहे.”

सिस्टर वळल्या. बाबांनी तिची बाही घट्ट धरली.

“आई, जाऊ नकोस.”

“नाही जात, बाळा.”

त्यांच्या शर्टाचं वरचं बटण चुकलं होतं, म्हणून खालची सगळीच चुकली होती. तिने ती एकेक करून सोडवली आणि पुन्हा वरून लावायला घेतली.